मदत हवी आहे: टीबीच्या गोळ्या चालू झाल्यापासून वडिलांची लघवी केशरी

नमस्कार मंडळी, आम्ही देवगडकडचे. वडिलांना फुप्फुसाचा टीबी निघाला, सरकारी दवाखान्यातून रोजच्या गोळ्या चालू केल्यात, सकाळी उपाशीपोटी. तेव्हापासून लघवी केशरी लालसर होते, बनियनला काखेतपण तसेच डाग. ते जाम घाबरलेत, "रगात जाता माझा, माका नको त्यो गोळ्यो" एवढंच धरून बसलेत. त्यातल्या रिफाम्पिसिन या औषधामुळे असं होतं म्हणतात, पण याच गोळ्यांनी लिव्हरला त्रास होऊन कावीळपण होऊ शकते आणि तेव्हाही लघवी गडद होते, मग घरी फरक ओळखायचा कसा? कोर्स सहा महिन्यांचा आहे, मध्येच सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात म्हणून मला जास्त काळजी लागलीय.

उत्तर १:
दादा, मी नर्स होते, टीबीचे पेशंट खूप बघितलेत. रिफाम्पिसिनची पूडच विटकरी लाल असते, तो रंग लघवी, घाम, थुंकी, डोळ्यातलं पाणी सगळ्यात उतरतो, त्याने अपाय नाही. गोळीनंतर काही तास जास्त दिसतो मग फिका होत जातो. काविळीत लघवी कोऱ्या चहासारखी आणि दिवसभर तशीच, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा, मळमळ, अन्नावर वासना नाही, उजव्या बरगडीखाली दुखतं. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, पुढची गोळी त्यांना विचारूनच, ते एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) करतील. आणि दारू, माडी पूर्ण बंद हं, लिव्हरवर आधीच ताण असतो. रक्ताची शंका असेल तर लघवी तपासून घ्या, त्यांच्या मनातलं पण जाईल.

उत्तर २:
बी कॉम्प्लेक्सने गर्द पिवळी होते, मेट्रोनिडॅझोल किंवा नायट्रोफुरँटॉइन या अँटिबायोटिकने तपकिरी, आमच्या आईला झालेली. पण लावणीच्या दिवसात चिखलात काम करून ताप आला आणि लघवी गडद झाली तर गोळ्यांवर ढकलू नका, आपल्याकडे लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) असतो, त्यातपण कावीळ होते.

धागाकर्ता:
ताई, खूप आधार वाटला. डोळे आत्ताच उजेडात बघितले, पांढरे आहेत. पण सकाळची पेजसुद्धा अर्धी ठेवतात, हे दवाखान्यात सांगायलाच हवं. उद्या सकाळी घेऊन जातो, लघवी आणि लिव्हर दोन्ही तपासायला सांगतो.