अनवाणी-पद्धतीचे बूट घेतले, आता पाऊल वरून दुखायलंय. थांबू की चालू ठेवू?

नमस्कार. मी परभणीची, वय 41, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. दिवसभर वर्गात उभं राहणं आणि पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर फिरणं, सहा वर्षांपासून हेच चालू आहे. मागच्या वर्षी थोडं पळायलाही लागले. आठवड्यातून तीनदा, 4 किलोमीटर.

माझं पाऊल पंजाकडे रुंद आहे. कुठलाही बूट घेतला की करंगळी चेंगरते, आणि उजव्या अंगठ्याच्या बुडाशी हाड बाहेर यायला लागलंय. दुकानदार म्हणतात, एक नंबर मोठा घ्या. मोठा घेतला की टाच सुटते, करंगळी मात्र दबायची ती दबतेच. दिवाळीच्या सुटीत वहीच्या पुठ्ठ्यावर उभी राहिले, पावलाभोवती पेन्सिल फिरवली, तो आकार कापला आणि बुटात घालून बघितला. करंगळीच्या बाजूला बोटभर पुठ्ठा मुडपून वर आला. रोज आठ-दहा तास माझं पाऊल तिथे असंच मुडपून असतं, हे डोळ्यांनी बघितल्यावर ते बूट घालवेनात.

म्हणून अनवाणी-पद्धतीचे मागवले. पुढून रुंद, तळ जेमतेम 5 मिलिमीटर, टाच आणि पंजा एका पातळीत, म्हणजे झिरो ड्रॉप. जुन्या बुटांची टाच पंजापेक्षा 10 मिलिमीटर उंच होती. पहिल्या दिवशी डांबराची खडी न् खडी तळव्याला कळत होती आणि बोटं पसरत होती. माझं माहेर गंगाखेडजवळ, गोदावरीच्या काठाला. सातवीपर्यंत शाळेत अनवाणीच गेले, शेतातही तशीच. इतक्या वर्षांनी पाय माहेरी आल्यासारखं वाटलं, खरंच.

त्या आनंदात घाई केली. पहिला आठवडा घरात आणि शाळेत घातले, दुसऱ्या आठवड्यात पूर्ण फेरी, तिसऱ्या आठवड्यापासून चारही किलोमीटर त्यांतच पळाले. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये अबेबे बिकिला अनवाणी मॅरेथॉन जिंकला होता, हे घरात सगळ्यांना सांगून झालं होतं. आधी पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. सकाळी पलंगावरून उतरताना टाचेमागची शीर ताणायची, पण ते चार पावलांनी सैल व्हायचं. आता दहा दिवसांपासून उजव्या पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या मागे दुखायलंय. बोटाने दाबलं तर एका जागेवर कळ येते. थोडी सूजही आहे. शाळेतून येईपर्यंत लंगडायला होतं.

हे सवय होतानाचं दुखणं आहे का? पुन्हा जुन्या बुटांकडे जायचं का? पुढे उन्हाळाही आहे. इथे मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो, तेव्हा एवढ्या पातळ तळाचं काय करता?

आणखी एक. माझी आई 68 वर्षांची आहे, बारा वर्षांपासून शुगर आहे. दर नवरात्रात नऊ दिवस पायात काही घालत नाही. माझे बूट घालून अंगणात फिरली आणि म्हणाली, "पाय कसे मोकळे वाटायलेत गं, मलाबी असलेच आण." तिला आणू का?

प्रतिसाद, लातूरहून

ताई, पळणं आजच थांबवा. पोटरीचं दुखणं सवयीचं असतं, पसरट असतं, दोन-तीन दिवसांत उतरतं. एका बोटाखाली सापडणारी कळ आणि वरून सूज, हे वेगळं. मला अगदी तिथेच झालं होतं, मी तसाच पळत राहिलो आणि हाडाला बारीक तडा गेला. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. एक लक्षात ठेवा, असा तडा पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. एक्स-रे चांगला आला म्हणून लगेच पळू नका.

बिकिलाचं म्हणाल, तर तोच माणूस 1964 ला टोकियोत बूट घालून जिंकला.

प्रतिसाद, नांदेडहून (मी फिजिओथेरपिस्ट आहे)

वरच्या दादांचं बरोबर आहे. कारण सांगते, म्हणजे पुढे उपयोग होईल. उंच, मऊ टाचेच्या बुटात आपण बहुतेक टाचेवर आपटतो आणि ताण गुडघ्याकडे जातो. तळ पातळ झाला की पाऊल पुढच्या भागावर पडायला लागतं. हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांनी 2010 मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं, की अनवाणी पळणाऱ्यांत असं पडणारं पाऊल जमिनीचा पहिला दणका कमी करतं. पण ताण नाहीसा होत नाही, तो पोटरी, टाचेमागची शीर आणि पंजाची लांब हाडं यांच्यावर येतो. स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, हाडाला महिने लागतात. अमेरिकेत धावकांना 10 आठवडे हळूहळू अशा बुटांची सवय लावून एमआरआय काढले, तेव्हाही बऱ्याच जणांच्या पावलाच्या हाडांत सूज सापडली होती. तुम्ही तर तीन आठवड्यांतच सगळं केलंत.

"लहानपणी अनवाणी होते" हे मी इथे रोज ऐकते. तेव्हा वजन किती होतं? आणि पायाखाली काळी माती होती, सिमेंटचा रस्ता नव्हता.

बूट टाकून देऊ नका, रुंद पंजा तुमच्या अंगठ्यासाठी चांगलाच आहे. दुखणं पूर्ण गेलं की घरात घाला, मग 10-15 मिनिटं चालणं. पळायचं तर नेहमीच्या बुटांत पळून झाल्यावर शेवटचे 400 मीटर फक्त या बुटांत, एक दिवसाआड, पावलं छोटी आणि भरभर. सोबत भिंतीला धरून टाचा उचलण्याचा व्यायाम, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, दोन्ही प्रकारे. मुद्दाम पंजावर पळायचा अट्टहास नको. केनियात आयुष्यभर अनवाणी राहिलेले दासानाच लोक आपल्या नेहमीच्या वेगात बहुतेक टाचेवरच उतरतात, असं 2013 मध्ये दिसलं होतं.

उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत घरी या. शेतरस्त्याला तर नकोच, सराटे टोचतात आणि बाभळीचा काटा 5 मिलिमीटरमधून सरळ आत येतो.

आईंना हे बूट आणू नका. इतक्या वर्षांच्या शुगरमध्ये तळव्याची जाणीव कमी झालेली असू शकते. काटा गेला, चटका बसला तरी कळत नाही, आणि तिथून जखम चिघळते. नवरात्राबद्दलही त्यांच्याशी बोला, देवळात चप्पल काढा पण रस्त्यावर नको. रात्री तळवे रोज बघत जा, त्यांना स्वतःला दिसत नसतील.

मूळ धागाकर्ती, पाच आठवड्यांनी

दादा, मॅडम, दोघांचेही आभार. एक्स-रे चांगला निघाला होता, तरी तुमचं ऐकून पळाले नाही. तीन आठवड्यांनी परत काढला, तेव्हा हाडावर भरून येत असल्याची पुसटशी रेघ दिसली. तडा होताच. अजून तीन आठवडे चालणंही बेतानेच ठेवायला सांगितलंय.

आईच्या तळव्यांची तपासणी करून घेतली. डॉक्टरांनी नायलॉनच्या दोऱ्याने तळव्यावर दहा ठिकाणी टोचून विचारलं, तिला चार ठिकाणी काहीच कळलं नाही. डोळे मिटून "टोचा की" म्हणत बसली होती. मी बाजूला उभी राहून बघत होते. तिच्यासाठी एमसीआरच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या रबराच्या चपला सांगितल्यात, मऊ तळाच्या, मागे पट्टा असलेल्या. काल तिलाही पुठ्ठ्यावर उभं केलं आणि पेन्सिल फिरवली. उद्या तो पुठ्ठा घेऊन दुकानात जाणार आहे.