झरोके उघडे ठेवूनही तळघरातील ओल वाढतेच आहे

प्रश्न

आमच्या घराच्या अर्ध्या भागाखाली तळघर आहे आणि उरलेल्या अर्ध्या भागात लाकडी जमिनीखाली, जोत्याच्या आत, जेमतेम रांगत जाता येईल एवढी पोकळी आहे. या दोहोंच्या मध्ये फळ्यांचे एक दार आहे, तेही नीट बसत नाही. गेली दोन वर्षे उष्ण आणि दमट महिन्यांत तळघरात कुबट वास येतो, पुठ्ठ्याची खोकी खालून मऊ पडतात आणि चामड्याच्या जुन्या पेटीवर पांढरी बुरशी धरते. ओल घालवायची तर हवा खेळती ठेवावी, असे कायम ऐकत आल्यामुळे यंदा मी सगळे झरोके दिवसभर उघडे ठेवले आणि एका झरोक्यात हवा आत ओढणारा लहान पंखाही बसवला. परिणाम उलटाच झाला. दुपारी झरोक्यांजवळच्या फरशीला अक्षरशः घाम फुटू लागला.

आर्द्रतामापक आणून मोजले, तेव्हा झरोके बंद असताना आत 24 अंश सेल्सिअस तापमानाला 85 टक्के आणि त्याच वेळी बाहेर 30 अंशांना 75 टक्के सापेक्ष आर्द्रता होती. बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा कोरडी असताना ती आत घेतल्यावर ओल वाढावी, हे कोडे मला सुटत नाही. पंखा अपुरा पडतो आहे का? मोठा एक्झॉस्ट पंखा बसवल्यास उपयोग होईल का?

प्रतिसाद 1

आपल्या मापनातच उत्तर दडलेले आहे, मात्र टक्क्यांची तुलना टक्क्यांशी केल्यामुळे ते दिसत नाही. सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाला हवा जेवढे बाष्प धरू शकते त्याच्या किती टक्के बाष्प तिच्यात आहे, हे सांगणारा आकडा. आणि हवेची ही धारणशक्ती तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. 30 अंशांची हवा घनमीटरमागे सुमारे 30 ग्रॅम बाष्प धरते, 24 अंशांची सुमारे 22 ग्रॅम, तर 20 अंशांची जेमतेम 17 ग्रॅम. या हिशेबाने आपल्याकडे बाहेरच्या प्रत्येक घनमीटर हवेत जवळजवळ 23 ग्रॅम आणि तळघरातल्या हवेत साडेअठरा ग्रॅम पाणी आहे. म्हणजे जिला आपण कोरडी समजून आत घेत आहात, ती हवा प्रत्यक्षात आतल्या हवेपेक्षा घनमीटरमागे चार ग्रॅमांहून अधिक पाणी घेऊन येते.

बाहेरच्या त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे जेवढे थंड झाल्यावर तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान, सुमारे 25 अंश आहे. जमिनीला टेकलेली तळघराची फरशी दमट महिन्यांतही थंडच राहते. आपली फरशी 22 अंशांवर आहे असे धरले, तर तिला स्पर्श करणारी हवा घनमीटरमागे तीनेक ग्रॅम पाणी तिथेच टाकते. तासाला 200 घनमीटर हवा देणारा पंखा लावला आणि ती सगळी हवा तेवढी थंड झाली, तर तासाभरात सुमारे 600 ग्रॅम पाणी आपण स्वतःच्या हाताने आत आणून सांडतो. प्रत्यक्षात सगळी हवा फरशीला लागत नाही, म्हणून आकडा कमी भरेल, पण दिशा तीच राहील. त्यामुळे पंखा मोठा करणे हा यावरचा इलाज नव्हे.

तरीही सगळा दोष हवेच्या माथी मारण्याआधी एक चाचणी करावी. हातभर लांबी-रुंदीचे जाड प्लास्टिकचे तुकडे फरशीवर आणि भिंतींवर दोन-तीन ठिकाणी चारही कडांनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवावेत आणि दोन दिवस तसेच ठेवावेत. वरच्या अंगाला पाणी दिसले, तर ते हवेतून आलेले असते. खालच्या अंगाला दिसले, तर ते जमिनीतून किंवा भिंतीतून झिरपते आहे. या दोन दुखण्यांची औषधे वेगळी आहेत.

प्रतिसाद 2

वरील विवेचन मान्य आहे, पण हवा खेळती ठेवण्याचा सल्ला सरसकट चुकीचा आहे असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. आमचे तळघर मी केवळ झरोक्यांच्या जोरावर कोरडे ठेवले आहे. फरक एवढाच की मी ते थंडीत आणि पहाटे उघडतो. बाहेर 10 अंश तापमान आणि 90 टक्के आर्द्रता असली, तर मापकावरचा तो आकडा पाहून कोणीही घाबरेल. परंतु त्या हवेत घनमीटरमागे साडेआठ ग्रॅमच पाणी असते आणि आत येऊन ती 20 अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली येते. अशी हवा भिंतींतली ओल शोषून घेते. त्यामुळे झरोके उघडावेत की नाहीत, हे ऋतूवर किंवा सवयीवर न सोडता दोन्हीकडचा दवबिंदू पाहून ठरवावे. आत आणि बाहेर असे दोन मापक ठेवले, तर रोजचा निर्णय अर्ध्या मिनिटात होतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. तीन ठिकाणी प्लास्टिक लावून पाहिले. फरशीवरच्या दोन्ही तुकड्यांचा वरचा पृष्ठभाग ओला होता आणि खालची बाजू कोरडी होती. मात्र पन्हळीचा नळ जिथे खाली उतरतो, त्या कोपऱ्यातल्या भिंतीवरचा तुकडा आतून पाण्याने डबडबलेला निघाला. तिथे गिलाव्याचे पोपडे निघाले आहेत आणि भिंतीला लोणाही लागला आहे. आजवर मी तो बुरशीचाच प्रकार समजत होतो. झरोके बंद ठेवल्यापासून फरशी घामेजत नाही, पण कुबट वास तसाच आहे आणि फळ्यांच्या दाराजवळ तो अधिक तीव्र जाणवतो.

प्रतिसाद 3

कोपऱ्याचे निदान आपणच केले आहे. लोणा म्हणजे भिंतीतून आलेले पाणी उडून गेल्यावर मागे राहिलेला क्षार. त्यामुळे जिथे लोणा दिसतो तिथे पाणी भिंतीच्या पलीकडून येते, हे जवळपास निश्चित समजावे. आतून जलरोधक रंग लावण्याच्या फंदात पडू नये, कारण पाण्याचा दाब मागे राहिला की रंगाचेही पोपडे निघतात. पन्हळीच्या नळाचे तोंड भिंतीपासून दीड-दोन मीटर लांब न्यावे आणि घराभोवतीच्या मातीला बाहेरच्या बाजूने उतार द्यावा. पहिल्या तीन मीटरांत 15 सेंटीमीटर उतार पुरेसा होतो. वायुवीजनाचा कोणताही उपाय या कामाच्या आधी करू नये.

आता वासाकडे वळतो. माझ्या मते त्याचे मूळ त्या पोकळीत आहे. उघडी माती वरून कोरडी दिसली तरी तिच्यातून बाष्प अखंड वर येत असते, आणि घरातली उबदार हवा वर चढून छपराकडून बाहेर पडते तेव्हा तिची जागा घ्यायला खालची हीच हवा फटींमधून वरच्या खोल्यांपर्यंत पोहोचते. म्हणून मातीवर किमान 0.15 मिलिमीटर जाडीचे, शक्य असल्यास त्याहून जाड पॉलिथिन अंथरावे, जोडांवर 30 सेंटीमीटरचा पदर ठेवून ते चिकटपट्टीने बंद करावेत आणि कडा भिंतींवर वीतभर चढवून पक्क्या कराव्यात. पोटावर सरपटत हे काम करताना गुडघे आणि कोपरे सोलवटतात, शिवाय एखादा अणकुचीदार दगड प्लास्टिक फाडतोच. तेव्हा आधी दगड वेचून घ्यावेत, ही अनुभवाची गोष्ट.

पोकळीला झरोके असावेत की नसावेत, यावर मतभेद आहेत. अमेरिकेतील बांधकाम नियमांत दर 150 चौरस फूट जमिनीमागे 1 चौरस फूट झरोका ठेवण्याचे प्रमाण दीर्घकाळ रूढ आहे. मात्र तिथल्याच नॉर्थ कॅरोलायना या दमट राज्यात प्रत्यक्ष घरांवर केलेल्या मापनांत, माती झाकून झरोके बंद केलेल्या पोकळ्या उघड्या झरोक्यांच्या पोकळ्यांपेक्षा दमट महिन्यांत स्पष्टपणे कोरड्या आढळल्या. आपली हवा पाहता मीही बंद पोकळीच्याच बाजूचा आहे. पण झरोके बुजवून विसरून जायचे नाही. आतली आर्द्रता यंत्राने किंवा घरातल्या कोरड्या हवेच्या लहान पुरवठ्याने 60 टक्क्यांच्या खाली ठेवावी लागते.

प्रतिसाद 4

एक्झॉस्ट पंख्याविषयी कोणी बोलले नाही, म्हणून लिहितो. पंखा जेवढी हवा बाहेर फेकतो, तेवढीच कुठून तरी आत येते. झरोके बंद असतील तर ती भिंतींच्या भेगांतून, मातीतून आणि तळघरात इंधनावर चालणारे उपकरण असल्यास त्याच्या धुराड्यातूनही ओढली जाते. धुराड्यातून उलटा आलेला कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो. मातीतून रेडॉन हा किरणोत्सारी वायूही येतो, आणि तो फुप्फुसाच्या कर्करोगाचे एक कारण आहे. त्यामुळे पोकळी बंद करण्यापूर्वी आणि केल्यानंतर रेडॉन एकदा मोजून घेणे हिताचे ठरेल.

याशिवाय आपला मापक खरे बोलतो का, हेही तपासावे. स्वस्त मापकांत पाच टक्क्यांची चूक सहज असते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते थोड्या पाण्याने ओल्या वाळूसारखे करावे आणि झाकण व मापक हवाबंद डब्यात दहा-बारा तास एकत्र ठेवावेत. आतली आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिरावते. मापक त्याहून वेगळा आकडा दाखवत असेल, तर तेवढी दुरुस्ती मनात धरावी.

प्रश्नकर्ता

या तपशिलांबद्दल मनापासून आभारी आहे. मिठाच्या चाचणीत मापकाने 71 दाखवले, म्हणजे माझे आधीचे दोन्ही आकडे चारेक टक्क्यांनी कमीच होते. पन्हळीचा नळ दोन मीटर पुढे नेला, पोकळीत प्लास्टिक अंथरले आणि मधल्या दाराच्या फटी बुजवल्या. आता डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतले बाष्प काढून घेणारे यंत्र, घेण्याचा विचार आहे. तो तळघरात ठेवावा की पोकळीत, आणि झरोके थोडे तरी उघडे असावेत का?

प्रतिसाद 1

आधी तळघरात ठेवावा आणि झरोके पूर्ण बंद करावेत, अन्यथा ते यंत्र अंगणातली हवा वाळवत बसेल. त्याची मर्यादा 50 ते 55 टक्क्यांवर लावावी आणि पाणी बादलीत न साठवता नळीने निचऱ्याकडे सोडावे, कारण बादली भरली की यंत्र थांबते. यंत्रामुळे खोली थोडी तापेल, त्यात वावगे काही नाही. मात्र सुमारे 18 अंशांच्या खाली साध्या यंत्राच्या थंड नळ्यांवर बर्फ धरू लागतो. त्या दिवसांत यंत्र बंद ठेवावे आणि बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा खाली असेल तेव्हा झरोके उघडावेत. कोपऱ्यातली भिंत वाळायला काही महिने जातील, तोवर तिथला लोणा कोरड्या ब्रशने झाडत राहावे. तो पुन्हा येईनासा झाला, की मगच नवा गिलावा करावा.