फक्त देशात बनलेलाच माल घ्यायचा असेल तर तो ओळखायचा कसा?

प्रश्न : नौपाडाकर, ठाणे

सप्रेम नमस्कार. या दिवाळीपासून घरातली शक्य तितकी खरेदी देशात बनलेल्या मालाचीच करायची, असे आम्ही ठरवले आहे. सासूबाईंचा आग्रह जुना आहे आणि इथल्या कारखान्यांतल्या माणसांच्या हाताला काम मिळावे, हा त्यांचा मुद्दा मला मनापासून पटतो. जांभळी नाका आणि गोखले रोडच्या दुकानांत मात्र जागोजागी अडायला झाले. मिक्सरच्या खोक्यावर नाव अस्सल भारतीय, पण खाली बारीक अक्षरांत मूळ देश भलताच. उलट ज्या साबणाची कंपनी परदेशी म्हणून आम्ही तो बाजूला ठेवला, तो बनतो मात्र आपल्याच देशात. डाळीच्या पाकिटावर नुसते ‘पॅक्ड बाय’. बारकोड ८९० ने सुरू झाला की माल भारतीय, असा संदेश नातेवाइकांच्या गटावर फिरतो आहे. त्यावर विसंबावे का? मालकी पाहावी, कारखाना पाहावा, की कच्चा माल? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : वागळे इस्टेटकर

ताई, ८९० चा तो संदेश आधी मनातून काढून टाका. कंपनीने बारकोडची नोंदणी भारतातल्या संस्थेकडे केली आहे, एवढेच त्या आकड्यांवरून कळते. माल कुठे बनला याच्याशी त्यांचा संबंध नाही. विश्वास ठेवायचा तो छापील मजकुरावर. वेष्टनबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार आयात मालावर मूळ देशाचे नाव असावे लागते, आणि २०१८ पासून ऑनलाइन विक्रीच्या पानावरही ते दाखवणे बंधनकारक आहे. ‘मार्केटेड बाय’ पुढचे नाव वाचून थांबू नका. ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ पुढचा पत्ता शोधा.

आमचा विजेची कंट्रोल पॅनेल बनवण्याचा लहानसा कारखाना आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. पत्र्याची पेटी, तिचे पावडर कोटिंग, आतले वायरिंग, तपासणी हे सगळे ठाणे-बेलापूर पट्ट्यातच होते आणि त्यावर कितीतरी घरे चालतात. पण आतल्या सर्किटवरची चिप बाहेरचीच असते, आणि तुतिकोरिनचा मोठा तांबे प्रकल्प २०१८ मध्ये बंद पडल्यापासून शुद्ध तांब्यासाठीही देशाला आयातीकडे पाहावे लागले. मग माझे पॅनेल देशी की परदेशी? सरकारी खरेदीच्या २०१७ च्या आदेशात यावर एक व्यवहारी उत्तर आहे : मूल्याचा निम्मा किंवा अधिक भाग देशातला असेल तर पुरवठादार पहिल्या वर्गातला, २० ते ५० टक्के असेल तर दुसऱ्या. घरच्या ग्राहकाला असा टक्का कुठेच छापलेला मिळत नाही, ही खरी उणीव आहे आणि ग्राहक संघटनांनी ती मागणी लावून धरायला हवी. तोवर माझ्या मते कारखान्याचा पत्ता पहिला, मालकी नंतर. नफा बाहेर जातो हे खरे आहे, पण तुमचा हेतू हाताला काम मिळावे हा असेल तर तो साबण तुम्ही परत घ्यायला हरकत नाही.

उत्तर : तुर्भ्याचा दाणेवाला

मी वाशीच्या धान्य बाजारात आहे, म्हणून डाळ-तेलापुरते लिहितो. आपल्या देशात डाळी सर्वाधिक पिकतात आणि सर्वाधिक खाल्ल्याही जातात, त्यामुळे पुरत नाहीत. बाजारात ‘लेमन’ म्हणतात ती तूर ब्रह्मदेशातली, ‘गजरी’ मोझांबिकमधली, ‘अरुषा’ टांझानियातली. मोझांबिकशी तर तुरीसाठी २०१६ मध्ये सरकारी पातळीवर करार झाला. मसूर बहुतकरून कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातून येते. ही तूर इथल्या मिलमध्ये भरडून, पॉलिश करून पाकिटात गेली की तिच्यात आणि लातूर-अकोल्याच्या तुरीत फरक करणे मुरलेल्या व्यापाऱ्यालाही जड जाते, मग गिऱ्हाइकाची काय कथा. सुटी डाळ ओळखीच्या दुकानातून घ्या आणि माल कुठला हे स्पष्ट विचारा. ज्याने गोणी फोडली आहे त्याला ते ठाऊक असते.

फराळाच्या बेसनाबद्दल विशेष सांगतो. पिवळा वाटाणा मोठ्या प्रमाणावर आयात होतो आणि स्वस्त बेसनात त्याचे पीठ मिसळले जाते. हरभरा आपल्या महाराष्ट्रात भरपूर पिकतो; डाळ आणून गिरणीतून दळून घ्या, लाडवाची चवही वेगळी लागेल.

उत्तर : नेरुळहून, निवृत्त औषधनिर्माता

माझी एक विनंती आहे : औषधांना हा नियम लावू नका. गोळी बद्दी किंवा सिक्कीममध्ये बनली तरी तिच्यातले मूळ रसायन अनेकदा चीनमधून आलेले असते आणि वेष्टनावरून ते कळत नाही. साधी पॅरासिटामॉल घ्या : ती आपल्याकडे मुबलक बनते, पण ती ज्या रसायनापासून बनते त्यासाठी कारखानदार चीनवर अवलंबून राहिले. पेनिसिलिनचा मूळ घटक तर एके काळी देशातच बनत होता. स्वस्त आयातीपुढे ते कारखाने टिकले नाहीत. २०२० मध्ये केंद्राने अशा रसायनांसाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आणली ती याच कारणाने. १९०८ च्या सुमारास तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, तो लोकांकडून एकेक पैसा गोळा करून. परदेशी काच नको म्हणणाऱ्यांनी काच बनवण्याचीही जबाबदारी घेतली होती. औषधांच्या बाबतीत ते काम कारखाना उभारणाऱ्यांचे आणि सरकारचे आहे, रुग्णाने त्यासाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी टाळू नये.

नौपाडाकर

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंना सगळे वाचून दाखवले. साबण परत यादीत आला आहे. दिवाळीचे कापड आणि तेल यांबद्दल कोणी खात्रीने सांगू शकेल का?

तुर्भ्याचा दाणेवाला

खादी घेणार असाल तर खादी मार्क आणि हातमागाची साडी असेल तर हॅण्डलूम मार्क पाहून घ्या. तेलाचे म्हणाल, तर देशाची निम्म्याहून अधिक गरज आयातीवर भागते : पाम इंडोनेशिया-मलेशियाचे, सोयाबीन अर्जेंटिना-ब्राझीलचे, सूर्यफूल रशिया-युक्रेनचे. शेंगदाणा आणि करडई हीच आपल्यासाठी बरी. घाण्यावर गाळलेले मिळाले तर उत्तम. डब्यावर ‘ब्लेंडेड’ असा शब्द असेल तर घटकांचे प्रमाण जरूर वाचा, कारण मोठ्या अक्षरांत नाव असलेले तेल आत २० टक्केच असू शकते आणि उरलेले बहुधा स्वस्त आयातीचे असते.