आरटीई सोडत २०२५-२६ : प्रतीक्षा यादीत नाव, पालक ऊसतोडीला, भाडेकरार नोटरीचा. आता काय करायचं?

अंगणवाडी_ताई (बीड जिल्हा) · १७ फेब्रुवारी २०२५

नमस्कार. आरटीई (शिक्षण हक्क कायदा) खालच्या खासगी शाळांतल्या २५ टक्के मोफत प्रवेशाची सोडत १० तारखेला निघाली, १४ पासून मोबाईलवर संदेश यायला लागले. पालकांचा जीव टांगणीला लागलाय. आमच्या वस्तीतल्या चार लेकरांचं विचारते.

एक मुलगी प्रतीक्षा यादीत नवव्या नंबरवर आहे. शाळा घरापासून दीड किलोमीटर. नंबर लागण्याची आशा कितपत धरावी?

एका मुलाची निवड झालीय, पण आई-वडील कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला गेलेत, मुलगा आजीजवळ. अर्जात वडिलांचा नंबर आहे आणि तो फोन बंद येतो. पडताळणीची मुदत २८ फेब्रुवारी.

तिसरं घर भाड्याचं. निवड झालीय, पण भाडेकरार नोटरी केलेला आहे. तो चालतो का?

चौथ्या घरी काहीच संदेश नाही. निवड नाही, प्रतीक्षाही नाही. ते रोज विचारतात, त्यांना काय सांगू?

कायद्याची भाषा नको, कुठं जायचं आणि काय न्यायचं ते सांगा.

---

पडताळणी_टेबल

ताई, आधी चौथ्या घराचं, कारण ते सगळ्यात सोपं आहे आणि नुकसानही तिथंच होतं. एसएमएस ही फक्त सोय आहे, निवडीचा पुरावा नाही. नंबर चुकीचा टाकलेला असतो, सिम बंद पडलेलं असतं, मेसेजची पेटी भरलेली असते. आरटीई पोर्टलवर 'अर्जाची स्थिती' या ठिकाणी अर्ज क्रमांक टाकला की निवड, प्रतीक्षा की काहीच नाही, ते कळतं. निवड आणि प्रतीक्षा यादी शाळेच्या नावानेही बघता येते. अर्ज क्रमांक हरवला असेल तर ज्या नेट कॅफेवर फॉर्म भरला तिथं प्रिंटची फाईल बहुतेक असतेच. दोन दिवसांनी एकदा बघायचं, संदेशाची वाट बघत बसायचं नाही.

आता प्रतीक्षा यादी. सोडत एकदाच निघते आणि प्रतीक्षेचा क्रमही त्याच वेळी ठरतो. पुढं नव्यानं चिठ्ठ्या काढत नाहीत. निवड झालेल्यांपैकी कुणी मुदतीत आलं नाही किंवा कागदात बाद झालं, तेवढीच जागा रिकामी होते आणि यादी तेवढीच सरकते. म्हणून नुसता 'नऊ' हा आकडा काही सांगत नाही. शाळेत आरटीईच्या जागा किती, ते आधी बघा. प्रवेशाच्या पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा असतात, म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गाला दहा. जागा पंचवीस असतील तर नववा नंबर धरून चालण्यासारखा आहे. जागा पाच असतील तर पाचही जण सोडून गेले तरी नवव्यापर्यंत यादी पोचणं अवघड.

अंतराचाही हिशोब धरा. आधी एक किलोमीटरच्या आतली मुलं, मग एक ते तीन, मग तीनच्या पुढची, असा प्राधान्यक्रम आहे. तुमची मुलगी दीड किलोमीटरवर, म्हणजे दुसऱ्या गटात. गावाच्या मध्यभागी, दाट वस्तीतली शाळा असेल तर एक किलोमीटरच्या आतच अर्ज खूप असतात. गावाबाहेर, रस्त्याकडेच्या शाळांची यादी जास्त सरकते, कारण फॉर्म भरताना लांबच्या शाळा टाकलेल्या असतात आणि नंबर लागल्यावर रोज नेणं-आणणं जमत नाही.

राज्यात या वर्षी जागा एक लाख नऊ हजारांच्या आसपास आणि अर्ज तीन लाखांच्या वर आहेत. नंबर लागला नाही म्हणजे पालकांचं काही चुकलं असं नाही, हे त्यांना सांगाच.

---

मोंढा_नाका

भाड्याच्या खोलीबद्दल. नोटरी केलेला करार चालत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी केलेलाच लागतो, तोही अकरा महिने किंवा जास्त मुदतीचा आणि अर्ज भरण्याच्या आधीच्या तारखेचा. आज धावतपळत नोंदणी केली तरी तारीख फेब्रुवारीची पडणार आणि पडताळणी समिती ती धरणार नाही. त्यामुळं त्यात पैसे घालू नका.

पण रहिवासाचा पुरावा म्हणजे फक्त भाडेकरार नव्हे. त्याच पत्त्याचं रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, आधार, वीजबिल, पाणीपट्टी-घरपट्टीची पावती, राष्ट्रीयीकृत बँकेचं पासबुक यांपैकी एक चालतं. 'त्याच पत्त्याचं' हे महत्त्वाचं. बऱ्याच जणांचं आधार मूळ गावचं असतं आणि अर्जात पत्ता तालुक्याच्या खोलीचा. वाळूजच्या बजाजनगरमध्ये किंवा लातुरात खोली करून राहणाऱ्यांचं तर हे हमखास होतं. आईचं मतदार ओळखपत्र नवीन पत्त्याचं आहे का, पासबुकावर कुठला पत्ता आहे, ते आधी तपासा. आई-वडिलांपैकी कुणाच्याही नावावरचा पुरावा घेऊन जा.

दुसरी एक चूक सांगून ठेवतो, कारण ती प्रवेश घेतल्यावरही अंगलट येते. फॉर्म नेट कॅफेवर भरला की नकाशावर घराची जागा दाखवणारा फुगा कधीकधी कॅफेच्याच जागेवर राहतो. मग पोर्टलवर मूल शाळेपासून अर्ध्या किलोमीटरवर दिसतं आणि घर असतं अडीच किलोमीटरवर. समितीनं पत्ता आणि नकाशा जुळवून बघितला की निवड रद्द. अर्जाच्या प्रिंटवरचे अक्षांश-रेखांश मोबाईलच्या नकाशात टाकून आजच बघा. अंतर हवाई मोजतात, रस्त्यानं नाही. मधे नदी किंवा रेल्वेचं रूळ असलं तरी सरळ रेषेतलंच धरतात, त्यामुळं रस्त्याचं अंतर जास्त निघालं तर घाबरू नका.

---

अंगणवाडी_ताई

मतदार ओळखपत्र आहे आईचं, याच पत्त्याचं. बरं झालं सांगितलं, ते लोक आज नोंदणीला जाणार होते.

ऊसतोडवाल्या लेकराचं कुणी सांगा. आणि त्याच्या वडिलांकडं कुणबी दाखला आहे, मागच्या वर्षी निघालेला. उत्पन्नाचा दाखला वेगळा लागेल का? जन्मदाखला मात्र नाही, जन्म वाटेत झालेला.

---

पडताळणी_टेबल

ताई, अर्जात प्रवर्ग कोणता टाकलाय ते प्रिंटवर बघा. बाकी सगळं त्यावर आहे.

अर्जात इतर मागासवर्ग टाकलं असेल तर तो वंचित गट. त्याला उत्पन्नाची अट नाही, जातीचा दाखला पुरतो, आणि तो वडिलांचा किंवा मुलाचा चालतो. निजामकालीन नोंदी सापडल्यावर ज्यांना कुणबी दाखले मिळाले तेही यातच आले. दाखल्याची तारीख अर्जाच्या शेवटच्या दिवसाच्या आधीची हवी. मागच्या वर्षीचा आहे म्हणता, म्हणजे चिंता नाही.

पण अर्जात आर्थिक दुर्बल टाकलं असेल तर कुणबी दाखला दाखवून उपयोग नाही. पडताळणीच्या टेबलावर प्रवर्ग बदलून मिळत नाही. तिथं एक लाखाच्या आतल्या वार्षिक उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखलाच लागेल, २०२३-२४ किंवा २०२४-२५ या आर्थिक वर्षाचा, आणि तोही अर्जाची मुदत संपायच्या आधी निघालेला. सर्वात जास्त निवडी इथं बुडतात. निवड झाल्यावर लोक सेतू केंद्रावर दाखल्यासाठी धावतात, दाखला मिळतोही, पण तारीख उलटून गेलेली असते.

जन्मदाखला नाही म्हणून अडणार नाही. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा दाखला नसेल तर दवाखान्याच्या किंवा एएनएमच्या (आरोग्यसेविकेच्या) नोंदवहीतला उतारा, अंगणवाडीच्या नोंदवहीतला उतारा, नाहीतर पालकांचं प्रतिज्ञापन चालतं. म्हणजे हे काम तुमच्याच हातात आहे. उताऱ्यावर मुलाचं पूर्ण नाव, आई-वडिलांचं नाव आणि जन्मतारीख अर्जातल्यासारखीच असू द्या, तारखेत खाडाखोड नको. पहिलीसाठी या वर्षी जन्म १ जुलै २०१८ ते ३१ डिसेंबर २०१९ या दरम्यानचा हवा.

---

बालाघाट_वारा

ऊसतोडीच्या घरांबद्दल. वडिलांचा फोन लागत नसेल तर मुकादमाला, म्हणजे टोळी नेणाऱ्याला फोन करा. टोळी कुठल्या कारखान्याला, कुठल्या गावात उतरलीय, ते त्याला माहीत असतं. दोघांनी यायची गरज नाही. एकानं यावं, शक्यतो आईनं. कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पूर्ण मोडला की उचलीचा (आगाऊ घेतलेल्या पैशांचा) हिशोब निघतो, म्हणून मुकादम सोडायला कुरकुर करतो. त्याला 'दोन दिवसांचं काम आहे, तारीख गेली की लेकराची जागा गेली' एवढंच स्पष्ट सांगायचं.

येताना मूळ कागद सोबत आणायला सांगा. ही माणसं आधार, जातीचा दाखला, रेशन कार्ड पेटीत घालून सोबत नेतात. घरी आजीजवळ नसतात आणि आल्यावर कळतं की कागद तिकडंच कोपीत (झोपडीत) राहिले. फोनवरच एक एक कागद वाचून घ्या.

२८ च्या आत येणं होणारच नसेल तर गप्प बसू नका. आजीनं पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावानं साधा अर्ज द्यावा. बालकाचं नाव, अर्ज क्रमांक, शाळा, पालक ऊसतोडीला असल्याचं कारण, कोणत्या तारखेला येतील, एवढं पुरे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचा. या अर्जानं जागा राखून ठेवतीलच असं नाही. पण मुदतवाढ निघाली किंवा पुढं तक्रार करायची वेळ आली तर तुम्ही मुदतीत कळवलं होतं याचा कागद हातात राहतो. एकदा निवड झाली आणि पालक आलेच नाहीत तर पुढच्या फेरीत त्या मुलाचा विचार होत नाही.

पडताळणीला मुलाला न्यायची गरज नाही. न्यायचं ते असं: अर्जाची प्रिंट, हमीपत्राची प्रिंट, मूळ कागद आणि सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. झेरॉक्सचं दुकान पंचायत समितीबाहेर असलं तरी त्या दिवसांत रांग असते, आदल्या दिवशीच काढा. समितीनं कागद पास केले की पत्र मिळतं, ते घेऊन शाळेत जाऊन प्रवेश नक्की करायचा. पडताळणी झाली म्हणजे प्रवेश झाला, असं समजून पालक घरी जातात. शाळेतली पायरी राहू देऊ नका.

---

गोदाकाठ

शाळेच्या दारात काय होतं तेही पालकांना आधी सांगून ठेवा.

आठवीपर्यंत फी नाही. शासन शाळेला मुलामागं वर्षाला १७,६७० रुपये प्रतिपूर्ती ठरवून देतं. ती रक्कम थकलीय, 'आधी तुम्ही भरा, सरकारचे आले की परत देऊ', असं शाळा म्हणाली तर भरायचं नाही. थकबाकी शाळा आणि शासन यांच्यातली आहे, तिच्यासाठी मुलाचा प्रवेश अडवता येत नाही. मुलाची किंवा पालकांची मुलाखत, चाचणी घेता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार त्याला पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि नंतर दर वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. देणगी घेतली तर घेतलेल्या रकमेच्या दहा पटीपर्यंत.

भांडण जास्त करून बस, गणवेश, पुस्तकं आणि 'उपक्रम शुल्क' यांवर होतं. कशाचे किती, ते प्रवेशाच्या दिवशीच लेखी मागा. लेखी मागितलं की निम्मे आकडे गळतात. अडवणूक झाली तर आधी गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक), त्याच्यावर शिक्षण उपसंचालक. बीडला उपसंचालक कार्यालय छत्रपती संभाजीनगरचं, धाराशिव-लातूर-नांदेडला लातूरचं. तोंडी तक्रार करू नका, पोच घ्या.

मागच्या वर्षी काय झालं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला आरटीईतून सूट, असा बदल फेब्रुवारी २०२४ मध्ये केला होता. उच्च न्यायालयानं मे महिन्यात स्थगिती दिली आणि १९ जुलैला तो रद्द केला. तोवर मुलं ताटकळली. 'जवळ जिल्हा परिषदेची शाळा आहे, तुम्हाला इथं मिळत नाही', असं अजूनही कुणी दारात सांगत असेल तर ते खरं नाही.

---

औसा_रोड

प्रतीक्षेतल्या मुलीसाठी दुसरी सोय आत्ताच करून ठेवा. केंद्रीय विद्यालयाचे पहिलीचे अर्ज साधारण मार्चमध्ये ऑनलाईन निघतात. लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगरला राहणाऱ्यांना तो पर्याय आहे. पण वयाची तारीख वेगळी, तिथं ३१ मार्चला सहा वर्षं पूर्ण लागतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये जन्मलेलं मूल आरटीईच्या पहिलीत बसतं, केंद्रीय विद्यालयात पुढच्या वर्षी.

---

अंगणवाडी_ताई

मुलीचा जन्म नोव्हेंबर २०१९ चा आहे, म्हणजे तो पर्याय गेला. आणि आम्ही बीड जिल्ह्यातले, रोजचं लातूर जमणारही नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत नाव घालून ठेवलं तर प्रतीक्षा यादीतून नाव जातं का?

---

पडताळणी_टेबल

नाही जात. प्रतीक्षा यादीचा आणि जिल्हा परिषद शाळेतल्या नावाचा संबंध नाही. नाव घालताना मुख्याध्यापकांना सांगून ठेवा की आरटीईच्या प्रतीक्षेत आहे. उद्या नंबर लागला तर शाळा सोडल्याचा दाखला लगेच लागेल, आणि मुलीची ऑनलाईन नोंद तिथून सोडल्याशिवाय नवीन शाळेला घेता येत नाही. ही नोंद सोडायला उशीर झाला की शाळा दाखला असूनही 'सिस्टीमला दिसत नाही' म्हणते.

प्रतीक्षेतल्यांनीही कागद आजच जुळवून ठेवावेत. यादी सरकली की हातात मोजके दिवस मिळतात.

---

अंगणवाडी_ताई

ऊसतोडवाल्या लेकराच्या आई-वडिलांच्या मुकादमाचा नंबर मिळाला, बोलणं झालं. आई २२ तारखेला येतेय, कागद पेटीतच आहेत म्हणाली. अर्जाच्या प्रिंटवर इतर मागासवर्गच लिहिलंय. अंगणवाडीचा उतारा उद्या काढून ठेवते. त्यावर सही माझी चालेल की पर्यवेक्षिकेची लागेल?

---

बालाघाट_वारा

दोघींची घ्या, शिक्क्यासह. एकाच सहीवर परत पाठवलं तर आईचा एक दिवस जाईल, आणि तिच्याकडं दोनच आहेत.