त्याग, बलिदान की पदरमोड? ‘त्यागमय प्रीती’साठी शब्द हवा आहे

निळी शाई: येत्या रविवारी चर्चच्या मंडळीत दहा मिनिटं बोलायचंय. पाळकांनी विषय दिलाय, ‘ख्रिस्ती माणसाची रोजच्या जगण्यातली त्यागमय प्रीती’. लिहायला बसले आणि ‘त्यागमय’पाशीच अडले. त्याग म्हटलं की घरदार सोडून निघालेला माणूस दिसतो. इथे तर घरातच राहायचंय, त्याच माणसांत! ‘बलिदान’ म्हणावं तर थेट रणांगण. दुसरा शब्द सुचवा.

कोशातली वाळवी: शंका रास्त आहे. ‘त्यज्’ म्हणजे सोडणे. वस्तू हातातून सुटली की त्याग झाला, ती कुणाच्या हातात पडली याच्याशी त्या धातूला देणंघेणं नाही. गीतेच्या १८व्या अध्यायातला त्यागही कर्मफळ सोडण्याचाच. बायबलात योहान ३:१६ मध्ये मात्र देवाने पुत्र ‘दिला’. देणं आलं की समोर घेणारा आलाच. म्हणून ‘अर्पण’ किंवा ‘समर्पण’ जवळचे. रोमकरांस १२:१ मध्ये शरीरं ‘जिवंत यज्ञ’ म्हणून समर्पण करायला सांगितलीत. यज्ञातला बळी एकदा मरतो आणि सुटतो. जिवंत यज्ञाला सोमवारी सकाळी पुन्हा हजर व्हावं लागतं.

अर्धविराम: सरळ ‘अगापे’ म्हणा की. निःस्वार्थ, दैवी प्रेमासाठीच तो ग्रीक शब्द आहे असं प्रत्येक उपदेशात ऐकतो.

कोशातली वाळवी: उपदेशात ऐकतो खरं, पण शब्द काही इतका सोवळा नाही. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक अनुवादात अम्नोनाला सावत्र बहीण तामार हिच्याबद्दल जी वासना वाटली (२ शमुवेल १३), तिलाही हेच क्रियापद लावलंय. २ तीमथ्य ४:१० मध्ये पौलाला सोडून गेलेल्या देमासाला ऐहिक जग प्रिय वाटलं, तिथेही तेच.

अगापेला वजन आलं ते वापराने. १ करिंथ १३:४-७ बघा. मराठीत प्रीती ‘सहनशील आहे, परोपकारी आहे’ अशी विशेषणं वाचतो आपण, ग्रीकमध्ये तिथे क्रियापदं आहेत. प्रीती कशी आहे यापेक्षा ती काय करते आणि काय करत नाही, याची यादी आहे ती. त्यामुळे निळी शाई, तुम्हीही नाम शोधू नका, क्रियापद शोधा.

आजीचा चष्मा: क्रियापदं तर घरातच पडलीत. झिजणे, खस्ता खाणे, पदरमोड करणे, जीव लावणे. फक्त ‘जीव देणे’ जपून वापरा. ‘त्याने जीव दिला’ म्हटलं तर ऐकणारा आत्महत्या समजेल. म्हणून आपल्या बायबलात मित्रांकरता ‘प्राण’ देतात.

अर्धविराम: पण ‘नातवावर जीव देते’ म्हणतोच ना?

आजीचा चष्मा: तिथे ‘वर’ आहे. मराठीत एका प्रत्ययाने माणूस वाचतो!

आता १ योहान ३ उघडा. १६व्या ओवीत बंधूंकरता प्राण अर्पण करा म्हटलंय आणि लगेच १७व्यात, ज्याच्याजवळ संसाराची साधनं आहेत त्याने गरजवंत बंधू पाहून कळवळा आवरला तर काय, असं विचारलंय. एका ओळीत प्राणावरून थेट पदरावर.

कोशातली वाळवी: क्या बात! १७व्या ओवीतल्या साधनांना ग्रीकमध्ये ‘बिऑस’ म्हटलंय, म्हणजे जगणं आणि जगण्याचं साधन दोन्ही. विधवेने मंदिराच्या भांडारात टाकलेल्या दोन नाण्यांनाही मार्कने तोच शब्द वापरलाय (१२:४४). मराठीत तिथे ‘उपजीविका’ आहे. तिच्यात ‘जीव्’ धातू शिल्लक राहिला, हा आपला फायदा.

आजीचा चष्मा: माझ्या सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. रात्री तीनला हाक यायची. त्यांना एका कुशीवर वळवायचं, ओली चादर गुंडाळत पाठीपर्यंत न्यायची, कोरडी तिच्यामागून सरकवायची, मग दुसरी कूस. डोक्यात एवढंच असायचं की ओलं कोरड्याला लागू नये. एक नातेवाईक म्हणाल्या, ‘केवढा गं तुझा त्याग!’ मला राग आला. मी काही सोडलं नव्हतं, झोप सोडली तर. नवरा न बोलता कोमट पाण्याचं तपेलं आणून ठेवायचा, ते मात्र गोड वाटायचं. त्याला शब्द विचाराल तर मला अजून सापडलेला नाही.

निळी शाई: हे मी सांगू का? नाव न घेता.

आजीचा चष्मा: सांगा. तपेलं वगळू नका.

अर्धविराम: एक खटकतं ते बोलूनच टाकतो. ‘हा तुझा वधस्तंभ आहे, उचल’ असं मार खाणाऱ्या बाईला सांगितलेलं मी ऐकलंय. तेही त्यागमय प्रीतीतच बसवणार का?

कोशातली वाळवी: नाही बसत. योहान १०:१८ मध्ये येशू म्हणतो की प्राण माझ्यापासून कोणी घेत नाही, मी आपण होऊन देतो. ओरबाडून घेतलेल्याला अर्पण म्हणता येत नाही. ‘दररोज’ वधस्तंभ उचलण्याचं वाक्यही (लूक ९:२३) ‘माझ्यामागे येऊ पाहणाऱ्याने’ असं सुरू होतं. हा ‘दररोज’ लूकच्या शुभवर्तमानातच आहे बरं का, मत्तय आणि मार्कच्या नाही. तुमच्या विषयातला ‘रोजच्या’ तिथूनच घ्या.

निळी शाई: मग शीर्षक ‘दररोजची पदरमोड’ ठेवते. पाळकांना हिशेबाची बैठक वाटली तर वाटो. ‘प्रीती’ दीर्घच ना?

कोशातली वाळवी: सुटा शब्द दीर्घ. समासात ऱ्हस्व, प्रीतिभोजन.