इंडियाना पाउच असलेल्या वडिलांचा जंतुसंसर्ग कसा टाळावा? मदत हवी आहे

नमस्कार.

कर्करोगामुळे माझ्या वडिलांचे मूत्राशय काढावे लागले आणि शल्यचिकित्सकांनी त्यांच्याच मोठ्या आतड्याच्या उजव्या भागापासून पोटात लघवी साठवण्यासाठी पाउच तयार केला. याला इंडियाना पाउच म्हणतात. पोटावर बाहेरून पिशवी चिकटवावी लागत नाही. बेंबीच्या उजवीकडे थोडे खाली एक लहान छिद्र आहे, त्यातून दर चार ते सहा तासांनी कॅथेटर (बारीक, लवचिक नळी) घालून लघवी काढावी लागते. बाबा हे सारे स्वतःच्या हाताने आणि नेटकेपणाने करतात. आमची अडचण जंतुसंसर्गाची आहे.

गेल्या पावसाळ्यात त्यांना थंडी वाजून ताप भरला, कुशीत दुखू लागले आणि रुग्णालयात दाखल करून शिरेतून अँटिबायोटिक द्यावे लागले. तेव्हापासून घरातले सगळेच धास्तावलेले आहेत. तालुक्याच्या गावी डॉक्टरांकडे गेले की लघवीची तपासणी होते, रिपोर्टात पस सेल्स (पुवाच्या पेशी) ‘भरपूर’ आणि कल्चरमध्ये (लघवीतले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) ई. कोलाय हा जंतू असे येते आणि बाबांना ताप असो वा नसो, गोळ्यांचा कोर्स सुरू होतो. शस्त्रक्रिया करणाऱ्या यूरॉलॉजिस्टांचे (मूत्रविकारतज्ज्ञांचे) म्हणणे याच्या उलट आहे. पाउच आतड्याचा असल्यामुळे आणि त्यात रोज कॅथेटर जात असल्यामुळे तेथे जंतू असणारच, त्यामुळे केवळ रिपोर्ट पाहून औषध द्यायचे नाही, त्रास असेल तरच द्यायचे, असे ते सांगतात. मला त्यांचे म्हणणे पटते, कारण ताज्या कल्चरमध्ये तोंडाने घ्यायच्या बहुतेक औषधांपुढे ‘आर’ असे अक्षर आले आहे, म्हणजे ती औषधे आता त्या जंतूंवर चालत नाहीत. उद्या खरोखर गरज पडली तर हाताशी काय उरेल, याची मला फार काळजी वाटते. पण यूरॉलॉजिस्ट आमच्यापासून एसटीने पाच तासांच्या अंतरावर आहेत आणि रात्री-अपरात्री निर्णय आम्हालाच घ्यावा लागतो.

दुसरा प्रश्न धुण्याचा आहे. आतड्याचे अस्तर चिकट स्राव तयार करतच राहते. सकाळी पहिल्यांदा लघवी काढताना त्यात अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे तंतू येतात, त्यातला एखादा कॅथेटरच्या भोकात अडकतो आणि धार मध्येच थांबते. मग बाबा कॅथेटर हलकेच फिरवतात, थोडे पुढे-मागे करतात, खोकतात आणि उरलेली लघवी येते. त्यानंतर मोठ्या सिरिंजने सलाइन आत सोडून, येणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत ते पाउच धुतात. उन्हाळ्यात हा स्राव फार दाट होतो. तो आत साचला तर जंतूंना आसरा मिळतो आणि पुढे खडेही होतात, असे आम्हाला सांगितले आहे. आपल्यापैकी कोणी दिवसातून किती वेळा पाउच धुता? आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते, एरवी बोअरचे वापरतो. त्या पाण्याने कॅथेटर धुवावेत का? प्रवासात, विशेषतः एसटी स्टँडवरच्या स्वच्छतागृहात, आपण काय करता? बाबा अलीकडे प्रवासाच्या दिवशी पाणी पिणेच टाळतात आणि मला ते अजिबात योग्य वाटत नाही.

ज्यांना स्वतःचा किंवा घरच्यांचा अनुभव आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद:

ताई, माझाही पाउच आतड्याचाच आहे आणि त्याला बरीच वर्षे झाली. तुमच्या यूरॉलॉजिस्टांनी सांगितलेली दिशा योग्य आहे. त्यांच्याकडून एक चिठ्ठी लिहून घ्या: पाउच कशाचा आहे, त्रास नसताना अँटिबायोटिक देऊ नये, आणि कोणत्या लक्षणांवर द्यावे. ती गावातल्या डॉक्टरांना दाखवा. माझ्याकडच्या चिठ्ठीने अनेक अनावश्यक कोर्स टळले. थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाउचच्या जागी दुखणे, लघवीत रक्त, स्राव एकाएकी खूप वाढणे, छिद्रातून गळती सुरू होणे, ही लक्षणे दिसली तर मात्र थांबू नका. कल्चरचा नमुना नव्या निर्जंतुक कॅथेटरने, पहिली धार सोडून घ्यावा. कल्चरमध्ये प्रोटियस नावाचा जंतू आला तर त्रास नसला तरी यूरॉलॉजिस्टांना कळवा, कारण तो खडे वाढवतो.

सर्वांत मोठा बचाव म्हणजे वेळेवर आणि पूर्ण रिकामे करणे. 1972 साली अमेरिकेतील डॉ. जॅक लॅपिडस यांनी निर्जंतुक नव्हे, तर नुसत्या स्वच्छ कॅथेटरने नियमित लघवी काढण्याची पद्धत मांडली. मूत्राशय ताणले गेले की त्याचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जंतूंना वाव मिळतो, असा त्यांचा मुद्दा होता. ती पद्धत मूत्राशयासाठी होती, पण पाउचलाही तुंबू न देणे तितकेच महत्त्वाचे आहे. म्हणून मी रात्रीही गजर लावून उठतो. पाणी कमी पिण्याने स्राव दाटतो आणि खड्यांचा धोका वाढतो, तेव्हा बाबांना प्रवासातही पाणी प्यायला सांगा; हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा.

एसटी स्टँडवर मी एका डब्यात सीलबंद कॅथेटर, हँड सॅनिटायझर, ओले टिश्यू (वेट वाइप्स) आणि झाकणाची रुंद तोंडाची बाटली ठेवतो. उभ्यानेच लघवी बाटलीत घेता येते, तेथील नळाला किंवा कडीला हात लावल्यानंतर सॅनिटायझर पुन्हा लावायचा एवढेच. कॅथेटर परवडत असतील तर एकदा वापरून टाकून द्यावेत. पुन्हा वापरायचे असतील तर यूरॉलॉजिस्टांना विचारून, साबणाने आतून-बाहेरून धुऊन, उकळून गार केलेल्या पाण्याने खळबळून, पूर्ण वाळवून ठेवावेत. ओला कॅथेटर बंद पिशवीत मुळीच ठेवू नये. धुण्यासाठी मी औषधाच्या दुकानातली सलाइनची बाटली घेतो आणि उघडलेली बाटली दुसऱ्या दिवशी वापरत नाही. माझे धुणे सकाळी एकदा आणि स्राव दाट असेल तर रात्री पुन्हा असते, पण बाबांचे प्रमाण त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावे.

आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. कॅथेटर आत जात नसेल आणि पाउच भरून पोट तटतटले असेल, तर जोर लावू नका, सकाळची वाटही पाहू नका, थेट यूरॉलॉजिस्ट असलेल्या रुग्णालयात जा आणि जाताना ती चिठ्ठी व बाबांच्या नेहमीच्या मापाचा कॅथेटर सोबत न्या.