अनुभव धागा: कुठल्या कॉलेजात जायचं हे तुमच्या घरी कोणी ठरवलं?

मुलीची बारावी झालीये, घरात रोज पोर्टल उघडून बसतो आम्ही, आणि मग जाणवलं की माझ्या वेळी ठरवणं वगैरे काही नव्हतंच. आजोबा बडोद्याच्या एम.एस. युनिव्हर्सिटीत, बाबा एम.एस.लाच, म्हणून मी पण. दांडिया बाजारात युनिव्हर्सिटी असं कोणी म्हणायचंच नाही, नुसतं "फॅकल्टीत जातो". मार्क बरे होते तरी पुण्याचा फॉर्म आणावा हे कोणाला सुचलंच नाही. तुमचं लिहा. मार्क नकोत, घरचं सांगा.

सूरसागर: माझे वडील युनिव्हर्सिटीतच पट्टेवाले. कुठल्या खोलीची किल्ली कुठे टांगलेली असते ते मला शाळेत असल्यापासून माहीत, पण बी.ए.ला मेजर म्हणजे काय हे आमच्या अख्ख्या चाळीत कोणाला ठाऊक नव्हतं, शेवटी खिडकीवरच्या क्लार्कने वडिलांच्या ओळखीने "इकॉनॉमिक्स घाल, बँकेत लागेल" म्हटलं आणि तेच भरलं. शाळा गुजराती मीडियम, घरी मराठी, आणि इथे सगळं शिकवणं इंग्रजीतून. पहिला महिनाभर मी वहीत देवनागरीत लिहायचो, 'डिमांड कर्व्ह खाली येतो', आणि शेजारच्याला दिसू नये म्हणून हाताने झाकायचो. कॉन्व्हेंटची पोरं तोवर सरांना प्रश्न विचारत होती. हुशार होतीच, पण माझ्यासारखं आधी भाषांतर करायला लागत नव्हतं ना.

पोळीभाजी: 1988. मला फिजिक्स हवं होतं. आत्या होम सायन्सला होती, तिथे सगळ्या मुलीच, सायकलने जाऊन दुपारी घरी. झालं.

वडाखालची: बाबा लहानपणी कमाटी बागेत वडाचं झाड दाखवायचे. 1913 मध्ये सयाजीरावांच्या साडेअकरा पाउंड महिना स्कॉलरशिपवर कोलंबियाला गेलेले बाबासाहेब 1917 मध्ये इथे नोकरीला आले तर राहायला जागा मिळेना, तेव्हा ते याच झाडाखाली येऊन बसले, ते हे गाव. मी दिल्लीला एम.ए. करू शकते हे मला होस्टेलच्या सीनिअरकडून कळलं, ती गेली नसती तर मला कुठून कळणार? लोकांना वाटतं स्कॉलरशिप आहे म्हणजे प्रश्न मिटला. अहो, ती वर्षाच्या शेवटी जमा होते! मेसचं डिपॉझिट मात्र पहिल्याच दिवशी. बाबांनी ऑफिसच्या क्रेडिट सोसायटीतून लोन काढलं. माझ्याबरोबर ॲडमिशन मिळालेली एक मुलगी तेवढ्यासाठीच आली नाही, तिच्याकडे सोसायटीवाला बाप नव्हता.

काठावर पास: आमच्याकडे उलटं. आईबाबा दोघं डॉक्टर. राजस्थानात कोटा शहरात एन्ट्रन्सच्या क्लासला दोन वर्षं, जमलं नाही, मग वाघोडिया रोडच्या प्रायव्हेट कॉलेजात फी भरून इंजिनिअरिंग. वरचं वाचून जरा लाज वाटली, खरं सांगतो. माझ्या मार्कांवर दुसऱ्या कोणाला तिसरा चान्स मिळाला नसता.

धागाकर्ता: मुलीला वाचायला दिलं हे सगळं. ती विचारतेय, सूरसागर काकांकडे ती वही आहे का अजून?

सूरसागर: आहे. माळ्यावर. आता पोरांना दाखवतो, झाकत नाही.